गुदद्वाराजवळील गळू : ठणका आणि त्याचे मूळ

(अहिल्यानगर जिल्ह्यातील ग्राम आरोग्य सेविकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



ज्या दुखण्याविषयी घरातही कोणी उघडपणे बोलत नाही, त्याविषयी आज बोलावयाचे आहे. आपल्याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये आरंभिलेल्या कार्याने गावच्या प्रशिक्षित स्त्रीवर लोक किती विश्वास टाकतात, हे दाखवून दिले. हे दुखणेही प्रथम आपल्याच कानी येईल.

बसवेनासे झाले की रोगी त्यास मूळव्याध म्हणतो आणि मलम लावीत राहतो. मूळव्याधीत बहुधा शौचाच्या वेळी रक्त जाते. सततचा ठणका सहसा नसतो. गळवाचा ठणका मात्र दिवसागणिक वाढतो. गुदद्वारालगत लाल, कढत, स्पर्शही न सोसणारी सूज येते. कित्येकदा ताप भरतो. गळू खोलवर असल्यास बाहेर काहीच दिसत नाही, आणि तेथेच फसगत होते.

तिखटाने वा उष्णतेने हे होते, हा समज निराधार आहे. गुदमार्गाच्या आतील अस्तरालगत सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांचे तोंड बुजले की स्राव तुंबतो, त्यात मळातील जंतू वाढतात आणि पू स्नायूंच्या थरांतून वाट काढीत त्वचेखाली येतो. ब्रिटिश शल्यविशारद पार्क्स यांनी १९६१ मध्ये हा संबंध सप्रमाण मांडला. काहींच्या बाबतीत क्षय किंवा आतड्याचा क्रोन रोग मुळाशी असतो. मधुमेहींना अशा गळवांचा धोका अधिक. म्हणून रक्तातील साखर अवश्य तपासावी.

साठलेला पू केवळ गोळ्यांनी जिरत नाही. शल्यचिकित्सकाने चीर देऊन तो काढावा लागतो. पाथर्डीकडील ऊसतोड मजूर मजुरी बुडेल म्हणून दिवस ढकलतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु जंतुसंसर्ग पसरल्यास, विशेषतः मधुमेहात, प्राणावर बेतते. पोटीस बांधून वाट पाहण्यास सांगू नये. सुईने टोचू तर मुळीच नये.

गळू फुटले की आराम पडतो आणि रोगी पुन्हा फिरकत नाही. तथापि निदान तिघांपैकी एकास पुढे भगंदर होते, म्हणजे आतील ग्रंथीपासून त्वचेपर्यंत नळी राहते. सुश्रुतसंहितेने भगंदराची गणना आठ महारोगांत केली आहे. त्यावर शस्त्रक्रिया किंवा क्षारसूत्र हे उपाय आहेत. जखम भरल्यावरही त्याच जागी पू झिरपत असेल, अंतर्वस्त्रास डाग पडत असतील, तर रोग्यास पुन्हा शल्यचिकित्सकाकडे धाडावे.