यकृतावरील व्रण भरून येतो तेव्हा
(वार्षिक सर्वसाधारण सभेत यकृतविकार विभागाच्या वतीने केलेले भाषण)



बाह्यरुग्ण विभागात आम्हांला वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा : "डॉक्टर, लिव्हर पुन्हा नीट होईल का?" यकृतातील व्रण कायमचाच, असे आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो होतो. आज त्या उत्तरात दुरुस्ती करणे आम्ही कर्तव्य समजतो.

निरोगी यकृतातील ताराकृती पेशी 'अ' जीवनसत्त्व साठवून शांत असतात. मद्य, हिपॅटायटिस-बी वा सीचे विषाणू, अथवा साचलेली चरबी यांमुळे इजा होत राहिली, की या पेशींतील कोलॅजेनचे तंतू निर्माण करणारी जनुके जागी होतात. त्यांच्या जोडीला 'टिम्प-१' हे जनुकही सक्रिय होते. त्याचे प्रथिन, तंतू विरघळवणाऱ्या विकरांना अडवून धरते. म्हणजे भिंत बांधणे चालू आणि पाडणारे हात बांधलेले, अशी ती अवस्था असते.

इजा थांबली तर काय घडते? इंग्लंडमधील जॉन आयरडेल व सहकाऱ्यांनी १९९८ साली उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवले. यकृताला घातक रसायन देणे बंद करताच टिम्प जनुकांची सक्रियता घसरली, विकरांचे कार्य वाढले, ताराकृती पेशी मोठ्या संख्येने नष्ट झाल्या आणि २८ दिवसांत यकृत जवळजवळ पूर्ववत झाले.

२०१२ साली उंदरांवरीलच अभ्यासांत आणखी एक गोष्ट उघड झाली. सक्रिय झालेल्या पेशींपैकी सुमारे निम्म्या मरत नाहीत. कोलॅजेनची जनुके मिटवून त्या पुन्हा शांत होतात. मात्र त्या पूर्णतः पूर्वीसारख्या होत नाहीत. पुन्हा इजा झाल्यास त्या अधिक वेगाने तंतू निर्माण करू लागतात.

माणसांतही याचा पडताळा आला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हिपॅटायटिस-बीमुळे सिरोसिस झालेल्या ९६ रुग्णांपैकी ७१ जणांत पाच वर्षांच्या टेनोफोव्हिर उपचारानंतर सिरोसिस उरला नव्हता. प्रत्येकाला असा लाभ होत नाही. विकार फार पुढे गेला असेल तर आशा मर्यादितच राहते.

म्हणूनच आम्हांला चिंता वाटते ती बरे वाटू लागल्यावर येणे थांबवणाऱ्या रुग्णांची. पोटातले पाणी उतरते, भूक लागते, रुग्ण कामावर जातो. मग गोळी सुटते किंवा बाटली परत येते. शांत झालेल्या पेशी मात्र जुनी इजा विसरलेल्या नसतात.

२०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे हिपॅटायटिस-बी व सीची तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळू लागली. परंतु गावाहून येण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी रुग्णालाच सोसावी लागते. तेव्हा पाठपुरावा हा उपचाराचाच भाग मानून त्यासाठी न्यासाने तरतूद करावी, अशी आमची नम्र विनंती आहे. यकृत आपले काम करते. त्याला पुरेसा अवधी मिळवून देणे आपल्या हाती आहे.