आराखड्याआधी मुलांना विचारू या



शाळेशेजारच्या युवा केंद्रासाठी वर्गणी जमतेय, आनंदच आहे. पण कॅरम की कॉम्प्युटर, यावर सकाळपासून भांडतोय कोण? आपण, चाळिशीतली माणसं!

सॉफ्टवेअर करताना आम्ही वापरणाऱ्याच्या हाती आधी कच्चं रूप देतो आणि तो कुठे अडतो ते गप्प बसून बघतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं बारावं कलमही मुलांच्या बाबतीत त्यांचं मत विचारात घ्यायला सांगतं. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली.

उद्घाटनाला मुलं रांगेत उभी केली म्हणजे सहभाग झाला नाही. समितीत निम्मी मुलं-मुली घ्या, थोडा निधीही त्यांच्या हाती द्या. मुलींना तर मुद्दाम विचारा, संध्याकाळी किती वाजेपर्यंत येता येतं? दिवे, स्वच्छतागृह, वेळापत्रक त्यावरून ठरेल. आणि कुलपाची एक किल्ली त्यांच्याकडे राहू दे.