वाळू कुणाची? जावा बेटावरच्या किनाऱ्याची हकीकत

(कार्यकर्ता शिबिरात अभ्यास गटाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वेळी अभ्यास गटाने विषय घेतला आहे तो लांबचा. इंडोनेशिया देशातलं जावा बेट, आणि त्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरची वाळूतली गावं. आम्ही हा विषय घेतला तेव्हा काही साथी म्हणाले, आपले दावे तालुक्याला पडून आहेत आणि तुम्ही समुद्रापलीकडच्या गोष्टी काय सांगता? म्हणणं खोटं नाही. पण ‘ही जमीन पडीक आहे, इथे कुणी नाही’ हे वाक्य आपण साहेबाच्या तोंडून जसं ऐकतो, तसंच ते तिथल्या लोकांनीही ऐकलं. त्यावर त्यांनी काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे.

आधी मुलूख समजून घेऊ. जावा आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे. पण माणसं 15 कोटींच्या घरात. त्यामुळे जमिनीचे तुकडे फार बारके. निम्म्याहून जास्त शेतकऱ्यांकडे अर्धा हेक्टरसुद्धा नाही. अशा ठिकाणी एक वाफा, एक नारळाचं झाड, अंगणाचा कोपरा, सगळ्याचा हिशेब असतो.

तिथल्या गावात जमिनीचे प्रकार आहेत. भाताच्या पाणथळ जमिनीला ‘सावा’ म्हणतात. कोरडवाहू जमीन ‘तगालान’, म्हणजे आपली वरकस धरा. घराभोवतीची परसबाग ‘पकारंगान’. तीत नारळ, केळी, कोंबड्या, भाजीपाला. नारळाच्या कोक्याचा रस काढून गूळ करतात. गरिबाचं अर्धं पोट या परसावर चालतं. ज्याला स्वतःचं परस नाही तो दुसऱ्याच्या परसात झोपडं बांधून राहतो, आणि गावात त्याचा मान सगळ्यात खाली. तेव्हा तिकडे गरीब कोण हे नुसतं शेतावरून ठरत नाही. घर कुणाच्या जागेत आहे, यावरूनही ठरतं. आपल्याकडे मालकाच्या जागेत घर असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

ज्याला शेत नाही तो दुसऱ्याचं वाट्याने करतो. निम्मा वाटा मालकाचा, निम्मा कसणाऱ्याचा, म्हणजे आपली अर्धेली. कुठे कसणाऱ्याच्या पदरात तिसरा हिस्साच पडतो. गावच्या प्रमुखाला पूर्वापार पगाराऐवजी जमीन मिळते. ती तो स्वतः कसत नाही, गरिबाला वाट्याने लावतो. आपल्याकडे पाटलाचं वतन होतं, तसंच म्हणा.

चांगल्या गोष्टीही आहेत. घर बांधायचं तर शेजारीपाजारी येऊन हात लावतात, मजुरी नाही, जेवण मात्र घालायचं. आपली सावड हीच. बाया आपसांत भिशी लावतात. बाजारात विकणं आणि घरचा पैसा सांभाळणं बहुतेक बायांच्याच हातात. लग्नानंतर नवरा-बायकोने मिळून जे कमावलं ते दोघांचं धरतात, काडीमोड झाला तर त्यात बाईचाही हिस्सा. आईबापाच्या जमिनीत मुलीला वाटा आहे. काही घरांत मुलाला दोन भाग आणि मुलीला एक, काही घरांत सगळ्यांना सारखा. सगळं आलबेल आहे असं आम्ही म्हणत नाही. पण मुलीचा वाटा तिथे नवलाचा नाही. आपल्या पाड्यांत या गोष्टीचा विचार व्हायला हवा.

आता किनाऱ्यावर येऊ.

योग्याकार्ता प्रांतात कुलोन प्रोगो जिल्हा आहे. त्याच्या समुद्राकडच्या अंगाला वाळूचे ढिगारे आहेत, काळपट, जड वाळूचे. त्या वाळूत लोखंड आहे. बुगेल, गारोंगन अशी गावं त्या पट्ट्यात वसलेली आहेत. एके काळी या वाळूत धड काही पिकत नव्हतं. दिवसा वाळू तापायची आणि वारा सुटला की शेतात, घरात, डोळ्यांत वाळू. गावचे तरुण मजुरीला बाहेर पडायचे. आतल्या भातशेतीच्या गावांचे लोक या किनारकऱ्यांना कमी लेखायचे.

1980 च्या दशकाच्या मध्याला हे बदललं. तिथले शेतकरी सांगतात की वाळूत आपोआप उगवलेलं मिरचीचं झाड एकाने पाहिलं आणि त्यावरून लागवड करून बघितली. सरकारी योजना नव्हती. लोकांनी लांबून माती आणि शेणखत आणून वाळूत मिसळलं. समुद्राच्या बाजूला सुरूची झाडं लावून वारा अडवला. आणि विहिरी खणल्या.

या विहिरींची अक्कल पाहा. वाळूखाली गोडं पाणी आहे, ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. हिशेबाने काढलं तर गोडं, ओरबाडलं तर खारं. म्हणून शेतकऱ्यांनी एक मुख्य विहीर केली आणि शेतात जागोजाग सिमेंटचे लहान हौद पुरून ते नळीने एकमेकांना जोडले. विहिरीचं पाणी एका हौदातून दुसऱ्यात आपोआप जातं. दोन हातांत दोन झाऱ्या घ्यायच्या, जवळच्या हौदात बुडवायच्या आणि रोपांना पाणी घालायचं. पुढे मोटारी आणि नळ्या आल्या, पण पाया हाच. मिरची, कलिंगड, खरबूज, वांगी पिकू लागली. बाहेर गेलेली माणसं परत आली.

पीक आलं तसा दलालही आला. त्यावर शेतकऱ्यांनी गट करून लिलाव सुरू केला. दिवसभरात तोडलेली मिरची गटाच्या शेडमध्ये येते, तिचं वजन होतं. व्यापारी आपापला भाव चिठ्ठीवर लिहून देतात, एकाचा भाव दुसऱ्याला कळत नाही. मग चिठ्ठ्या सगळ्यांदेखत उघडतात आणि ज्याचा भाव चढा त्याला माल. पाच किलोवाल्याला तोच भाव, पन्नास किलोवाल्यालाही तोच. आपण मोहाची फुलं, डिंक, हिरडा एकेकटे नेऊन देतो आणि दुकानदार सांगेल तो भाव घेतो. हा फरक लक्षात ठेवा.

इथवर आली मेहनत. यापुढे कागद येतो.

डच लोक जावावर राज्य करत होते. त्यांनी 1870 साली जाहीर केलं की ज्या जमिनीवर कुणाला पक्की मालकी सिद्ध करता येत नाही ती सरकारची. आपल्याकडे इंग्रजांनी 1878 चा वन कायदा केला आणि डोंगरच्या डोंगर सरकारी झाले. आठ वर्षांचं अंतर, डोकं एकच. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याने मालकी सिद्ध करायची, आणि काल आलेल्या सरकारला काहीच सिद्ध करायला नको.

योग्याकार्तात आणखी एक गाठ होती. तिथे राजाच्या दोन गाद्या आहेत, सुलतानाची आणि पाकु आलामची. 1918 साली त्या दोघांनी तसेच हुकूम काढले की ज्याच्याकडे मालकीचा पुरावा नाही ती जमीन गादीची. देश स्वतंत्र झाला. 24 सप्टेंबर 1960 रोजी नवा जमीन कायदा आला. डचांची ती घोषणा रद्द झाली, जमिनीला सामाजिक जबाबदारी आहे असं लिहिलं गेलं, कसणाऱ्याला जमीन वाटायचं ठरलं. ‘कसेल त्याची जमीन’ हेच म्हणणं. पण 1965-66 मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, लाखो माणसं मारली गेली, त्यांत जमीन मागणारे शेतकरी फार होते. पुढे जमीनवाटपाचं नाव काढायलाही माणूस भिऊ लागला.

योग्याकार्तात 1918 चे हुकूम 1984 साली रद्द झाले. लोकांना वाटलं, सुटलो. पण 2012 साली त्या प्रांतासाठी खास कायदा झाला. त्यात दोन्ही गाद्यांना जमिनीचे मालक म्हणून मान्यता दिली आहे. आणि तिथे सुलतान हाच राज्यपाल, पाकु आलाम हाच उपराज्यपाल, दोघेही निवडणुकीशिवाय. म्हणजे दावा करणारा तोच आणि निकाल देणाऱ्या खुर्चीवरही तोच.

तेव्हा त्या वाळूवर आज तीन प्रकारचे कागद आहेत. काहींकडे सरकारी मालकीपत्र आहे. काहींची नावं गावच्या जुन्या जमीनवहीत आहेत आणि हातात साऱ्याच्या पावत्या. आणि समुद्रालगतच्या पट्ट्यावर गादी म्हणते, ही आमची. विहीर शेतकऱ्याची, खत शेतकऱ्याचं, सुरूची झाडं शेतकऱ्याने लावलेली, वाळू मात्र राजाची.

मग खाण आली. त्या वाळूतलं लोखंड काढायला एका कंपनीने सरकारशी 2008 च्या नोव्हेंबरात करार केला. कंपनीत ऑस्ट्रेलियाचं भांडवल, आणि राजघराण्यातल्या मंडळींचा सहभाग. पट्टा किती? किनाऱ्याने सुमारे 22 किलोमीटर लांब आणि पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद. सगळी शेतं त्यात. कागदावर तो नुसता वाळूचा साठा होता.

शेतकऱ्यांनी 2006 सालीच आपली संघटना बांधली होती. आपल्याकडे वनहक्क कायदा झाला तेच हे वर्ष. घोषणा साधी: शेती करू नाहीतर मरू, लोखंडाची खाण नको. मोर्चे निघाले. 2008 साली आंदोलकांच्या राखणीच्या चौक्या जाळल्या गेल्या. 2011 साली एका शेतकऱ्याला पकडून तुरुंगात घातलं. त्यांनी मुख्य हत्यार केलं ते लागवडीला. लावणं म्हणजेच लढणं, असं ते म्हणतात. रान हिरवं असलं की त्याला पडीक म्हणणाऱ्याची जीभ अडखळते. ती मोठी खाण ठरल्याप्रमाणे उभी राहू शकलेली नाही. पण करार आणि गादीचा दावा दोन्ही डोक्यावर आहेत, म्हणून संघटनाही आहे.

त्याच किनाऱ्यावर पश्चिमेला मात्र वेगळं घडलं, तेही सांगितलं पाहिजे. तेमोन भागात ग्लगाह, पालिहान अशा पाच गावांत विमानतळासाठी सुमारे 587 हेक्टर जमीन घेतली. तिथेही विरोध होता. पण घरं फुटली. काहींनी मोबदला घेतला, काहींनी नाही. ज्यांनी घेतला नाही त्यांचे पैसे कोर्टात भरले आणि जमीन घेतली असं कागदावर झालं. 2017 च्या शेवटी वीज तोडली, झाडं पाडली, घरांवर यंत्रं घातली. मे 2019 मध्ये विमान उतरलं. गादीच्या म्हणून लागलेल्या जमिनीची भरपाई गादीला मिळाली. ती कसणाऱ्यांना थोडीफार मदत मिळवायलाही भांडावं लागलं. ज्यांनी पैसे घेतले त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. घरात आजारी माणूस असतो, पोरीचं लग्न असतं, डोक्यावर कर्ज असतं. पण एकेकाची सही वेगवेगळी झाली की पुढच्याला रेटणं सरकारला सोपं जातं, हे त्या पाच गावांत दिसलं.

आता आपल्याकडे काय करायचं?

एक. आपली मेहनत पुराव्यात लिहा. वनहक्काच्या नियमांत नुसता सरकारी कागद मागितलेला नाही. बांध, विहीर, घर, सपाट केलेली जमीन, पूर्वजांची स्मशानाची जागा हेही पुरावे आहेत. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब चालतो. मात्र एकाहून जास्त पुरावे जोडायचे. दळी असो, एकसाली असो, दंडाच्या जुन्या पावत्या असोत, टाकून देऊ नका. दंड केला म्हणजे तुम्ही तिथे होता, हे त्यांनीच लिहून दिलं.

दोन. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही, हे कायद्यात लिहिलेलं आहे. गार्ड आला तर हे पाठ म्हणून दाखवा.

तीन. पट्टा नवरा आणि बायको दोघांच्या नावाने असतो. फॉर्म भरताना बाईचं नाव वगळू नका. ही जमीन वारसाने जाते, पण विकता येत नाही. कुणी इसाराचे पैसे दाखवले तर हे ध्यानात ठेवा.

चार. कंपनी, खातं, दलाल कुणीही घरी येऊन एकट्याची सही मागितली तर एकच उत्तर द्यायचं: ग्रामसभेत या.

पाच. वरकसात झाडं लावा, बांध घाला, या पावसाळ्यात रान रिकामं ठेवू नका.

जावातल्या त्या किनारकऱ्यांची आणि आपली भाषा वेगळी, देव वेगळे, पीक वेगळं. ते आदिवासी म्हणवत नाहीत, साधे शेतकरी आहेत. पण ‘इथे कुणी राहत नाही’ असं त्यांच्याविषयीही लिहिलं गेलं, तेव्हा त्यांच्या विहिरीत पाणी होतं आणि झाडाला मिरची होती. आपल्या पाड्याविषयी उद्या असं कुणी लिहील, तेव्हा आपल्याकडे दाखवायला काय आहे, ते प्रत्येक पाड्याने पुढच्या ग्रामसभेच्या आत बसून लिहून काढावं आणि त्याची एक प्रत संघटनेकडे द्यावी.

कसेल त्याची जमीन! राखेल त्याचं जंगल! जोहार!