इटलीच्या रणभूमीवरचे मराठा जवान

दुसऱ्या महायुद्धात भारतीय लष्कराच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन इटलीत लढल्या. सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक या मोहिमेत होते; त्यांपैकी ५,७८२ जण परतले नाहीत. बेळगावला केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही या फौजेत होत्या.

इटलीचा भूगोल बचाव करणाऱ्याला साथ देणारा आहे. मधोमध अपेनाइन पर्वताची रांग, तिच्यातून समुद्राकडे उतरणाऱ्या नद्या. जर्मन फौज मागे हटताना पूल उडवी, काठांवर सुरुंग पेरी आणि पुढच्या नदीआड पुन्हा मोर्चा बांधी. हिवाळ्यात रस्ते चिखलात रुतत आणि डोंगरावरच्या ठाण्यांना शिधा व दारूगोळा खेचरांवरून जाई.

१० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. घाडगे सोडून तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन बंद पाडली, मोर्चातल्या एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. माणगाव तालुक्यातल्या या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या लढाईत संगमनेर तालुक्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्ये होते. सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन खेपा करून त्यांनी दोन जखमींना सुरक्षित जागी आणले. नंतर मशीनगनच्या तीन चौक्या निकामी केल्या आणि बंधाऱ्यावर उभे राहून मराठ्यांच्या रणघोषासह मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीत दिल्या गेलेल्या अशा वीस पदकांपैकी सहा भारतीय सैनिकांची आहेत.

पदकांसोबतच्या मानपत्रांत पराक्रम नोंदला गेला. थंडी, भूक, घरची ओढ यांची नोंद त्यांत नाही. घरी जाणारी पत्रे सेन्सॉर होत, त्यामुळे लढाईचा तपशील त्यांत लिहिता येत नसे. बहुतेक आठवणी तोंडीच राहिल्या. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये घाडगे यांचे स्मारक उभारले. आपल्याकडे ज्या घरांत जुनी पदके, पत्रे किंवा छायाचित्रे असतील, त्या घरांतल्या विद्यार्थ्यांनी सैनिकाचे नाव, पलटण आणि घरात ऐकलेल्या आठवणी आजच वहीत उतरवून ठेवाव्यात.