एका क्षाराची तपासणी



२३ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयाने एक अर्ज फेटाळला. अर्ज जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा होता आणि औषध होतं बेडाक्विलिन. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरचं हे औषध. त्या निकालाचा आपल्या बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईशी, धारूर-वडवणीच्या तांड्यांशी काय संबंध, ते आज मला सांगायचं आहे.

आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही क्षयावरची दोन मुख्य औषधं. ती लागू पडेनाशी झाली की आजाराला एमडीआर म्हणतात. त्यावरचा जुना उपचार १८ ते २० महिन्यांचा होता. त्यात कित्येक महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं घ्यावी लागत आणि त्यांनी कितीतरी रुग्णांचे कान कायमचे गेले. आता आपल्या ऊसतोड कामगाराचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. दसरा झाला की मुकादमाची उचल फेडायला टोळी निघते. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर कोपी पडते आणि कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलात माणसं गावी येतात. वीस महिन्यांच्या उपचारात एक हंगाम तरी पुरता सापडणार, बहुधा दोन. अशा माणसाने गोळ्या अर्ध्यात सोडल्या तर त्याला बेजबाबदार म्हणायला माझी जीभ धजत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशा चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. सगळं तोंडावाटे, सुई नाही. मे ते ऑक्टोबर, म्हणजे कामगार गावात असतानाच, हा उपचार पुरा होऊ शकतो. म्हणून बेडाक्विलिन कोण बनवू शकतं हा प्रश्न मला बीड जिल्ह्याचा वाटतो.

हा रेणू शोधणं हे थोर काम होतं, ते आधी मान्य करू. कोएन आंद्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं की हा रेणू क्षयजंतूची ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतो. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. क्षयावर नव्या जातीचं औषध यायला चाळीस वर्षं लागली होती. या शोधाला पेटंट मिळणं रास्त होतं आणि ते मिळालंही. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं हा कायद्याचा हिशेब. त्याप्रमाणे ते १८ जुलै २०२३ ला संपणार होतं.

पण कंपनीचा दुसरा अर्ज तपासणीत होता. तो मूळ रेणूचा नव्हता, त्या रेणूच्या फ्युमरेट क्षाराचा आणि त्यापासून केलेल्या गोळीचा होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत गेली असती.

पेटंटच्या अर्जात पानंच्या पानं माहिती असते, पण हक्क ठरतो तो शेवटी लिहिलेल्या दाव्यांवरून. दावा हा शेताचा बांध आहे. बांधाच्या आत दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही, आणि तो दरसाल नांगराच्या एका तासाने पलीकडे सरकवू पाहणारेही असतात. परीक्षक प्रत्येक दावा शब्द न् शब्द वाचतो. हे आधी कुठे छापलं गेलं होतं का? नसेल, तर त्या क्षेत्रातल्या जाणकाराला आधीच्या माहितीवरून ते सहज सुचलं असतं का? औषधाच्या बाबतीत आपल्या कायद्यात आणखी एक चाळणी आहे, कलम ३(ड). माहीत असलेल्या पदार्थाचा क्षार, एस्टर, वेगळा स्फटिक, बारीक केलेले कण, हे सगळं तोच पदार्थ समजायचं. परिणामकारकता वाढते हे अर्जदाराने दाखवलं, तरच ते नवं.

ही परिणामकारकता म्हणजे नेमकं काय, याचा निवाडा १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने केला. रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिवेकचा तो खटला. नव्या स्फटिकामुळे औषध ३० टक्के जास्त शरीरात शोषलं जातं, असं नोव्हार्टिसचं म्हणणं होतं. न्यायालय म्हणालं, औषधाची परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्यातली परिणामकारकता. शोषण वाढल्याने रोग अधिक बरा होतो हे पुराव्याने दाखवा. मला हा आपल्या न्यायालयाच्या फार मोठ्या निवाड्यांपैकी एक वाटतो.

बेडाक्विलिनच्या अर्जावर २०१९ मध्ये दोन तरुणींनी हरकत घेतली. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघीही क्षयातून वाचल्या आणि उपचारातल्या औषधाने दोघींचेही कान गेले. त्यांच्यामागे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संघटना उभी राहिली. भारतीय कायद्यात पेटंट मंजूर होण्याआधी कुणीही हरकत घेऊ शकतं, स्पर्धक कंपनीच असायला हवी असं नाही. या दोघींनी कार्यालयापुढे दयेची याचना मांडली नाही, रसायनशास्त्र मांडलं. मूळ पेटंटच्या मजकुरातच त्या रेणूच्या क्षारांचा उल्लेख होता. मग हा क्षार करणं जाणकाराला न सुचण्यासारखं कसं? कार्यालयाने ते मानलं. दाव्यांमध्ये कल्पक पाऊल नाही आणि कलम ३(ड) त्यांच्या आड येतं, असा निर्णय झाला.

कुणी विचारेल, क्षयाची औषधं सरकार फुकट देतं, मग किमतीने रुग्णाचं काय बिघडतं? फुकट औषधही कुणीतरी विकत घेतलेलं असतं, आणि महाग वस्तू मोजून-मापून वाटली जाते. २०१६ मध्ये बेडाक्विलिन देशात फक्त सहा केंद्रांवर मिळत होतं. पाटण्याच्या एका १८ वर्षांच्या मुलीला ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून ते नाकारलं गेलं, आणि तिच्या वडिलांना उच्च न्यायालयात जावं लागलं. उलट ऑगस्ट २०२३ मध्ये, भारतीय उत्पादक दारात आल्यावर, क्षयाची औषधं पुरवणाऱ्या ग्लोबल ड्रग फॅसिलिटी या जागतिक यंत्रणेच्या खरेदीत मूळ कंपनीचाच सहा महिन्यांचा दर २८९ डॉलरवरून १३० डॉलरवर आला. औषध तेच, १८८ गोळ्या त्याच.

मार्च २०२४ मध्ये पेटंटचे नियम बदलले. मंजुरीआधीच्या हरकतीला आता शुल्क आहे आणि ती ऐकण्याजोगी आहे की नाही हे आधी पेटंट नियंत्रक ठरवतो. खोट्या हरकतींनी अर्ज रखडतात ही तक्रार खरी आहे, तरी मला हा बदल पटत नाही. कान गमावलेल्या रुग्णाला पहिल्याच उंबऱ्यावर थांबवण्याची वाट त्याने मोकळी होते.

आपल्या जिल्ह्यात औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं आहेत. तिथल्या मुलांना माझं सांगणं आहे. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्याच कार्यालयात दाखल होतात. साधारण १८ महिन्यांनी अर्ज उघड होतो आणि दर शुक्रवारी निघणाऱ्या पेटंट जर्नलमध्ये त्याची नोंद येते. जर्नल संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य वाचता येतं. त्यातला एखादा क्षाराचा किंवा स्फटिकाचा अर्ज उचला, त्याच रेणूचं जुनं पेटंट शोधा, आणि त्यात क्षारांविषयी काय लिहिलं आहे ते नव्या दाव्यांशेजारी ठेवून वाचा.