तांब्याचे वॉशर

श्रीनगर-कन्याकुमारी आणि पोरबंदर-सिलचर हे दोन राष्ट्रीय महामार्ग झाशीपाशी एकमेकांस भेटतात. मराठी मनाला हे राणीचे गाव. मालमोटारवाल्याला तेथला मेस्त्री अधिक जवळचा.

डिझेलची गाळणी बदलली आणि नळीच्या सांध्याशी थेंब दिसला, की उतावळा क्लीनर पाना घेऊन तो आवळीत सुटतो. दोष बहुधा आवळण्यात नसतो. सांध्यातले तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की कठीण होते आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. जुने मेस्त्री ते लाल तापवून पाण्यात सोडीत. मग ते पुन्हा मऊ होई. नवे घालणेच बरे. त्याची किंमत ती काय!

टाकीकडच्या, ओढीच्या बाजूचा दोष याहून कपटी. तेथे डिझेल बाहेर येतेच असे नाही. हवा आत शिरते आणि गाडी अवचित बंद पडते. मग बुडबुडे संपेपर्यंत हातपंप मारीत बसावे लागते.

इंजेक्टरकडची नळी मात्र निराळी. आजच्या कॉमन रेल इंजिनात तेथे १,५०० वातावरणांहून अधिक दाब असू शकतो. तो फवारा कातडी भेदतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण डिझेल आत पसरलेले असते. अशा माणसाला मलमपट्टी करून न थांबता तत्काळ शल्यचिकित्सकाकडे न्यावे लागते. चालत्या इंजिनाची गळती बोटाने चाचपू नये ती यासाठी.