देवळाचा आधार आणि घरी परतलेला जवान



देवळाच्या जीर्णोद्धाराला कुणी रोख रक्कम दिली, कुणी सिमेंट-विटा दिल्या, कुणी अंगमेहनत दिली. परंतु ज्याच्या मनाला कोठेच थारा नाही, अशा माणसाला येथे टेकायला जागा मिळाली, तरच देऊळ पुरे झाले म्हणावे. फौजेतून घरी परतलेला जवान हा कित्येकदा असा माणूस असतो.

भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मगुरू नेमलेले असतात. त्यांना ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरचा हुद्दा असतो. पूजा-प्रार्थना चालविणे एवढेच त्यांचे काम नाही. इस्पितळातील आजारी जवानांना भेटणे, शिक्षा भोगणाऱ्याचीही विचारपूस करणे, हेही त्यांच्या कामात मोडते. श्रद्धेचा आधार सैन्यानेही आवश्यक मानला आहे.

जवानाला १५ वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन लागू होते. त्यामुळे पुष्कळ जण पस्तिशी-चाळिशीतच घरी येतात. पलटण सुटते, जोडीदार सुटतात आणि तो धर्मगुरूही सुटतो. काल दहा माणसांना हुकूम देणारा हवालदार आज गोदामाच्या फाटकावर रात्रपाळी करतो. झोप उडते, बोलणे कमी होते, दारू वाढते. एखादे दिवशी तोंडातून निघते, "आता माझा काय उपयोग?" हे वाक्य कानी आले तर ते हसण्यावारी नेऊ नये.

१५ ऑगस्टला शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, ते योग्यच आहे. पण उरलेल्या ३६४ दिवसांचे काय? त्याला कौतुकापेक्षा काम हवे असते. सप्ताहाची पंगत, पालखीचा बंदोबस्त, मुलांची कवायत त्याच्याकडे सोपवा. काकड्याला दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या घरी जावे. पलटणीतला धर्मगुरू हेच करीत असे. आता ते गावाने करावयाचे आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मनाचा आजार म्हणजे बाहेरची बाधा नव्हे, की देवाचा कोप नव्हे. अंगारा लावावा, नवसही बोलावा, पण डॉक्टर टाळू नये. मरणाची भाषा ऐकू आली तर, "जीव द्यावासा वाटतो का?" असे आपुलकीने सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मन मोकळे होते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये. सरकारची टेलिमानस सेवा २०२२ साली सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ई.सी.एच.एस. ही उपचार योजना आहे. कागदपत्रांची अडचण असल्यास ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. सोबत गावातला कुणी गेला तर अधिक बरे.

आणि ज्या घरावर असा घाला आधीच पडला असेल, त्या घराला बोल लावू नये. त्या माउलीला हळदीकुंकवाला बोलवावे, तिच्या मुलांना आरतीत पुढे उभे करावे.

सीमेवर त्याने आपली राखण केली. आता त्याची राखण करण्याची बुद्धी ग्रामदैवत आपणा सर्वांस देवो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.